टरबुजाला सात, मोहनरावांना चार

आधीच सांगून टाकतो, चूक माझी हाय. पण ज्यानं नांदूरघाटात दहा वर्षं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवलंय, त्यानंच मला नावं ठेवावीत. बाकीच्यांनी गप बसावं. एकाचा फोन विहिरीत पडला, तर त्यानं वाळवायला तव्यावर ठेवला. दुसरा म्हणतो बॅटरी लवकर उतरती, आन् फोनवर पहाटेपासून भारूडं चालू. माणसानं चिडायचं न्हाई तर काय आरती ओवाळायची? आई-बापानं माझं नाव परमेश्वर ठेवलं, पण गिऱ्हाईक मला मागं जमदग्नी म्हणतं. म्हणू दे.

तर झालं असं की माझी भाची करिष्मा आली. माझ्या थोरल्या बहिणीची, केशरबाईची लेक. केशरबाई आन् आमचे दाजी दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जातात. तिथं पाचटाच्या कोपीत, झोपडीत म्हणा, लाइट न्हाई. फोन चार्ज करायचा तर कुणाच्या तरी ट्रॅक्टरची मिनतवारी करायची. मायलेकींचं बोलणं कधी पुरं झालंच न्हाई. “जेवलीस का” एवढं होईस्तवर बॅटरी मरायची. म्हणून ही पोरगी इंजिनिअरिंगला गेली, शेवटच्या वर्षाला आली आन् विषय काय घेतला, तर फोनची बॅटरी वाचवणारा अँटेना.

मी म्हणलं, “अगं माय, बॅटरी वाचवायची तर मोठी बॅटरी टाकावी. अँटेनाचा काय संबंध?”

“मामा, फोन टावरला हाका मारत असतो,” ती म्हणली. “टावर डोंगराच्या पल्याड असला की जोरात ओरडावं लागतं. त्यात आपण फोन कानाला दाबतो. त्याची निम्मी हाक आपलं डोकं आन् हातच पिऊन टाकतात. मग तो अजून जोर लावतो आन् बॅटरी उतरती.”

तिनं तांब्याच्या पत्र्याची एक पट्टी कातरली होती, बोटाएवढी, जागोजाग खाचा पाडलेली. ती फोनच्या मागच्या अंगाला आतून बसवली की हाक डोक्याकडं कमी जाती आन् बाहेर जास्त. मला कळलं. न कळायला काय झालं, मी काय म्हाळू हाय का?

म्हाळू कोण ते सांगतो. गावातल्या शेळ्या राखतो. नंतर येईल तो.

करिष्माच्या सरांनी अट घातली होती. दहा माणसांनी अर्धा-अर्धा तास फोन कानाला लावून बोलायचं. एकदा साध्या अँटेनावर, एकदा पट्टीवर. किती टक्के बॅटरी उतरली ते लिहायचं, खाली माणसाची सही. मोठ्या प्रयोगशाळेत म्हणे ह्यासाठी खोटं डोकं असतं, आत मिठा-साखरेचं पाणी भरलेलं. हिच्या कॉलेजात तसलं काही न्हाई. मग हिनं बाजारातून टरबूज आणलं. वरनं झाकण कापलं, आतला गर मी खाल्ला, कोणीतरी खायलाच पायजे होता. आत मीठ-साखरेचं पाणी ओतलं, झाकण बसवलं आन् गमज्यानं एक जुना फोन टरबुजाच्या कानावर बांधला. टरबुजाला कान नसतो हे मला बी ठावं हाय. जिथं असता तिथं बांधला.

अर्ध्या तासात टरबुजानं सात टक्के बॅटरी खाल्ली. पट्टी बसवल्यावर पाच. पोरगी इतकी खूश झाली की टरबुजाच्या नावानं कागदावर रकाना केला.

आता माणसं आणायची कुठून? नुसतं बसून अर्धा तास फोन कानाला लावा म्हणलं तर गावात कुणाला सवड न्हाई. पारावर दिवसभर माश्या मारतील, पण काम म्हणलं की सगळ्यांना शेत आठवतं. दोन दिवस गेले. एक माणूस आला न्हाई. पोरीचं तोंड सुकलं आन् माझं डोकं फिरलं. तेवढ्यात म्हाळू फोनचं काचकव्हर बदलायला आला. त्यानं विचारलं, “हे टरबुजाला फोन कावून बांधला?”

आन् मी, माझ्या जिभेला हाड न्हाई, मी म्हणलो, “हे यंत्र डोकं मोजतं. ज्याचं डोकं भरलेलं, त्याला बॅटरी जास्त लागती. रिकाम्या डोक्यातनं रेंज आरपार जाती.”

मला वाटलं, म्हाळू एकटा तरी बसंल. बसला. दोन्ही हातांनी फोन कानाला असा दाबला की जणू कुणी हिसकावून न्हेणार हाय. डोक्यावरनं घोंगडं घेतलं आन् मेहुण्याशी अर्धा तास एका शेळीच्या आजारपणावर बोलला. बारा टक्के! करिष्मानं आकडा वाचला आन् म्हाळू उठून उभा राहिला. आपल्या आयुष्यात पहिल्यांदा पैला नंबर आलाय हे त्यानं दुपारपर्यंत अख्ख्या गावाला सांगितलं.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी दुकानापुढं रांग. मास्तर आला, त्याला नऊ. मास्तरनं ऐकून घेतलं न्हाई, पुन्हा बसला, पुन्हा नऊ. गावात म्हाळूचा सल्ला घ्यायला माणसं जायला लागली. विहिरीला पाणी कुठं लागंल, पोराला कुठल्या शाळेत घालावं, सगळं म्हाळूला विचारू लागले, आन् तो घोंगडं सावरून सांगू लागला. करिष्मा मला कोपऱ्यात घेऊन म्हणली, “मामा, हे डोक्याचं भरलेपण न्हाई. फोन किती दाबला, कसा धरला, त्यावर हाय. लोकांना खरं सांगा.”

“तुझी दहा डोकी होऊ दे, मग सांगतो,” मी म्हणलं. न्हाई सांगितलं.

नऊ डोकी झाली आन् दहावे मोहनराव आले.

मोहनराव म्हणजे आमच्या भागातली मोठी असामी. शेत डोळा पोचतो तिथवर, सिरसाळ्यापासून केजपर्यंत सत्काराला पैला हार त्यांना. आन् मुख्य म्हणजे माझं दुकान ज्या गाळ्यात हाय, तो गाळा त्यांचा. मी साऱ्या गावावर डाफरतो, पण मोहनराव समोर आले की माझं मांजर होतं. खोटं कावून बोलू?

करिष्मा तेव्हा घरी जेवायला गेलती. मी मालकांना खुर्ची दिली, फोन दिला, “कानाला लावून बोला” म्हणलो. त्यांनी लावला. मोजून एक मिनिट. मग सवयीनं स्पीकर चालू केला आन् भाकरीचा चतकोर धरावा तसा फोन तोंडापुढं आडवा धरला. पुढाऱ्यांची रीतच हाय ती. आपण कुणाशी बोलतोय हे चार माणसांना ऐकू गेलं पायजे. “हां! मी बोलतोय! ते काम झालं पायजे! बाकी मला सांगू नका!” असा अर्धा तास. मी मधी बोललो का? न्हाई बोललो. माझी टाप न्हाई.

उतरली किती? चार टक्के.

मी कागदावर चार लिहिलं. सही घेतली. तेवढं करून गप बसलो असतो तरी निभावलं असतं, पण सवयीनं आकडा मोठ्यानं वाचला. म्हाळू कडेला बसलता, तो म्हणला, “मालक, टरबुजाला सात हायेत.”

त्या वाक्यानं माझं वाटोळं केलं. सांजच्याला गावभर झालं. तिसऱ्या दिवशी बाजार होता. एक टरबूजवाला ओरडत होता, “घ्या, हुशार टरबूज घ्या! सात टक्केवालं!” मोहनरावांची गाडी तिथनंच चालली होती, काच खाली होती. कुणीतरी गाडीच्या बोनेटवर एक बारकं टरबूज ठेवलं आन् त्याला टोपी घातली. मालक एका लग्नात अक्षता टाकायला गेले तर पोरीबाळी पदरात तोंड घालून हसायल्या.

सकाळी मोहनराव दुकानात आले. बसले न्हाईत.

“परमेश्वर, त्या टरबुजाला किती म्हणलास?”

“मालक, ते तसं न्हाई…”

“सात. आन् मला?”

“चार,” मी म्हणलं.

“शेळ्या राखणाऱ्याला बारा आन् मला चार! उद्या दिवस मावळायच्या आत माझा आकडा बाराच्या वर पायजे. न्हाई तर गाळा रिकामा कर. ह्या गावात मी टरबुजाच्या खाली ऱ्हाणार न्हाई बे!”

गेले. दहा वर्षं त्या गाळ्यात बसलोय. गाळा गेला तर दुसरीकडं जागा न्हाई, आन् मालकांशी वाकडं घेऊन गावात मला कोण ठेवून घेईल? मी करिष्माच्या हातापाया पडलो. “माय, एक रेघ ओढ. चारच्या आधी एक काढ. चौदा होतंय.”

“खोटा आकडा लिहिणार न्हाई मामा,” ती म्हणली. डोळ्यात पाणी होतं, पण आवाज टणक. “आई कोपीत ज्या फोनवर बोलणार, तो खोट्या आकड्यावर चालणार हाय का?”

मला राग आला. मग रडू आलं. मग परत राग आला, पण स्वतःचा. ती म्हणली, “मला एवढं सांगा, त्यांनी फोन धरला कसा होता?”

मी हातानं करून दाखवलं. तोंडापुढं आडवा.

करिष्मानं कपाळावर हात मारला. “अहो मामा! डोक्यापासून हातभर लांब होता फोन! डोक्यानं काही खाल्लंच न्हाई, मग बॅटरी उतरंल कशी? हा आकडा त्यांच्या डोक्याचा न्हाईच. ही मोजणीच बाद हाय!”

पोरीचे पाय धरावेत असं वाटलं. लगेच मालकांकडं पळालो आन् हात जोडून सांगितलं, मालक, चूक आमची, पुन्हा मोजू, पण फोन कानाला लावावा लागंल. ते म्हणले, लावू की, त्यात काय!

त्यात काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांचं सिम घातलं, त्यांनी एका कार्यकर्त्याला फोन लावला. अर्ध्या मिनिटात फोन कानावरनं निघाला, तोंडापुढं आला आन् स्पीकर चालू. करिष्मानं सांगितलं, मी सांगितलं, ते बी “हां हां” म्हणले, पण हाताला सवय. शेवटी मी फोन खोलला आन् मोठा स्पीकरच काढून ठेवला. वरचा बारका, कानापाशी ऐकू येणारा, तेवढा राहू दिला. आता न लावून जातील कुठं?

कानाला लावला. आता दुसरीच पंचाईत. मालक बोलायचे, पलीकडला “हो मालक” म्हणायचा, आन् संपलं. कार्यकर्त्याशी चार मिनिटं टिकले. दुसऱ्याशी तीन. तालुक्याच्या एका पुढाऱ्यानं “मीटिंगमध्ये हाय” म्हणून ठेवून दिला. समोरच्याचं ऐकायची पाळी आली की मालकांचं बोट आपोआप लाल बटणाकडं जायचं. दर बारीला मोजणी पैल्यापासून. बॅटरी एक्केचाळीसवर आली. ऊन कलायला लागलं. दिवस मावळला की माझा गाळा गेला.

चार वाजले. मालक वैतागले. “भूक लागली बे. घरी सांगतो डबा पाठवाया.” फोन लावला. घरनं सुंदरबाईंनी उचलला, त्यांच्या मालकीणबाईंनी.

“अगं, डबा दे पाठवून,” म्हणले आन् बोट निघालं लाल बटणाकडं.

करिष्मा किंचाळली, “मालक, कट करू नका! हाच चालू ऱ्हाऊ द्या!”

मालक थबकले. पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. बाहेर म्हाळूसकट वीस माणसं बघत होती. बोट मागं घेतलं.

“अगं, ठेवू नको,” ते म्हणले. “अर्धा तास बोलायचं हाय. न्हाई, न्हाई, मला काही सांगायचं न्हाई. तूच बोल. मी कानाला लावून बसलोय.”

पलीकडं काय झालं ते आमाला ऐकू येत नव्हतं. बराच वेळ काही झालं नसावं, कारण मालक परत म्हणले, “काय बोलू म्हणजे? काय बी बोल.”

मग ती बोलाया लागली असणार.

“हं,” मालक म्हणले. “हं. देवघरात? छतातनं? कधीपासून गळतंय? मग मला कावून सांगितलं न्हाईस?” थोडं थांबले. “सांगितलंतंस?” अजून थांबले. “किती बारी?”

बाहेरची माणसं खिदळायला लागली. मी बाहेर जाऊन एकेकावर असा डाफरलो की पार बसस्टँडपर्यंत पांगली. जमदग्नी म्हणतात ते उगीच न्हाई.

आत आलो तर मालक खुर्चीत पुढं वाकले होते.

“कपिलधारला दर्शनाला? अगं ते काय पळून चाललंय का, जाऊ की कधी… हं. दर सालाला असंच म्हणलो? एकवीस साल? न्हाई, मी काय मोजली न्हाईत.”

करिष्मा घड्याळ बघत होती, मी बॅटरी. चौतीस. तेहेतीस. फोन गरम व्हायला लागला असणार, पण मालकांनी हात बदलला न्हाई.

“ऑपरेशन?” एकदम त्यांचा आवाज चढला. “कुणाचं ऑपरेशन?”

करिष्मानं घड्याळावरनं नजर काढली.

“तुझं? कोणत्या डोळ्याचं? कधी? आगं, मग तो काळा चष्मा… मला वाटलं, सुनेनं हौसेनं आणून दिला. मी तर चारचौघांत म्हणलो, आमच्या मालकीणबाई हिरोईन झाल्या.” मालक खुर्चीत अजून पुढं सरकले. “आन् संगं कोण गेलं तुझ्या? छबुबाई? आपल्या शेतावर खुरपायला येती ती छबुबाई? एस्टीनं? आन् मी कुठं होतो?”

त्याचं उत्तर लांबलचक असावं. मालक नुसतं ऐकत बसले. एवढा मोठा माणूस, बोलता बोलता सभा गाजवणारा, फोन दोन्ही हातांनी धरून कानाला दाबून बसला होता. मला त्यांच्याकडं बघवंना. मी उगीच एक सुटा स्क्रू शोधायला लागलो.

“मामा, अर्धा तास झाला,” करिष्मा हळूच म्हणली. मग फोनमध्ये डोकावली आन् ओरडलीच, “चौदा! एक्केचाळीसची सत्तावीस! चौदा टक्के!”

माझा जीव भांड्यात पडला. चौदा! म्हाळूच्या वर दोन! गाळा वाचला! मी मालकांपुढं जाऊन हात नाचवून सांगितलं, “मालक, झालं! चौदा! ठेवा आता!”

मालकांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. हातानंच मला गप केलं आन् खुर्ची भिंतीकडं फिरवली.

आमी दोघं बघत राहिलो. पाच वाजले. साडेपाच वाजले. करिष्मानं आपल्या कागदावर चौदा लिहिलं, सहीची जागा मोकळी सोडली. मालक मधनंच “हं” म्हणायचे, एकदा “चुकलंच” म्हणले, एकदा हसले बी. डबा घेऊन गडी आला, तो दारातच उभा राहिला. जुनी बॅटरी, दहाच्या खाली गेली की दगा देती. तिनं दिला. फोन बंद पडला.

“हॅलो? अगं? हॅलो?” मालक फोन हलवायला लागले. मग माझ्यावर वसकन आले, “परमेश्वर, काय फोन हाय का खेळणं? चार्जर आण. आन् ह्या पोरीची ती तांब्याची पट्टी बसव आधी. बॅटरी जास्त चालती ना तिच्यानं?”

“चालती मालक, पण तुमचा आकडा झाला की. चौदा आला. दिवस मावळायच्या आत आला.”

“कसला आकडा?”

मी करिष्माकडं बघितलं. तिनं मान हलवून मला गप ऱ्हायला सांगितलं. पण माझ्या जिभेचं काय करावं? मी म्हणलो, “मालक, घर तर दोन मिनिटांवर हाय. जाऊन समोर बसून ऐका की.”

मालकांनी बंद फोन उलटापालटा केला.

“घरी गेलो की मीच बोलाया लागतो बे,” ते म्हणले.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. फोन खोलला, करिष्मानं पट्टी हातात दिली, ती बसवली, चार्जर लावला आन् फोन परत त्यांच्या कानाशी धरला.